धक्क्यावर पाय ठेवला की कर

माझे सासरे जकात नाक्यावरून निवृत्त झाले आणि महिन्याभरात त्यांनी अंथरूण धरलं. ताप नाही, खोकला नाही, डॉक्टरांना काही सापडेना. घाटावरच्या एका नगरपालिकेच्या नाक्यावर त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. गावात शिरणारी प्रत्येक बैलगाडी, प्रत्येक टेम्पो, सायकलच्या कॅरिअरवरचं पोतं, सगळं त्यांच्यापुढे थांबलेलं. आता घरासमोरून माल जायचा आणि त्यांना कुणी विचारत नव्हतं. सासूबाई आधीच गेल्या होत्या. शेवटी मेहुणा म्हणाला, "आप्पांना थोडे दिवस तुमच्याकडे न्या. हवापालट होईल."

बोईसरला हवापालटासाठी आलेला माझ्या माहितीतला हा एकमेव माणूस. आमच्याकडे हवा पालटायची हे मात्र खरं. वारा कुठल्या कारखान्याच्या अंगानं सुटलाय त्यावर ती दिवसातून तीनदा पालटायची. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा एका रंगाच्या कारखान्यात होतो आणि सालवडला दोन खोल्यांत आमचा संसार होता. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, आल्या दिवशी खिडकी उघडली, नाक वर करून वास घेतला आणि म्हणाले, "जावईबापू, एवढा माल तयार होतो इथं. नाका कुठाय?"

नाका नाही म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं.

दोन-चार दिवसांत ते उठून बसले. मी बाजारातून आलो की ते दारात उभे असायचे. पिशवीच्या तोंडातून आत एक नजर टाकायचे आणि पुटपुटायचे, "कांदे, बटाटे, गोडेतेल. बरं, जाऊ द्या." मग मी आत जायचो. शेजारचा वेल्डर, उत्तरेकडून आलेला भला माणूस, एकदा गव्हाचं पोतं खांद्यावर घेऊन जिना चढत होता. मामांनी त्याला अडवलं आणि पोत्यात काय आहे ते विचारलं. त्यानं पोतं खाली ठेवून तोंड सोडून दाखवलं. मामांनी मूठभर गहू हातात घेऊन पाहिले आणि जायची परवानगी दिली. बायको मला म्हणाली, "आप्पांना बरं वाटायला लागलंय."

त्याच हिवाळ्यात आमच्या वस्तीच्या स्नेहमंडळानं समुद्रसहल काढायची ठरवली. कल्पना सेक्रेटरींची. सेक्रेटरी वीज प्रकल्पाच्या भांडार विभागात होते आणि कुठल्याही विषयावर उभं राहून बोलायची त्यांची तयारी असे. आमच्यातले निम्मे लोक घाटावरचे. समुद्रापासून एवढ्या जवळ राहून आम्ही तो फक्त काठावरून पाहिला होता. नवापूरच्या किनाऱ्यावर जायचं, भेळ खायची, पाय ओले करून परत यायचं. बायकोच्या मनात फार दिवसांपासून होतं की एकदा बोटीत बसून आत जावं आणि मागे वळून जमीन कशी दिसते ते बघावं. सेक्रेटरींनी खाडीकाठच्या एका गावातल्या तांडेलाची मासेमारीची मोठी बोट ठरवली. सकाळी खाडीतून निघायचं, समुद्रात एक फेरी मारायची आणि पाणी खाडीत आहे तोवर परतायचं. माणशी पंधरा रुपये, जेवण ज्यानं त्यानं आपलं आणायचं.

पैसे गोळा करायला सेक्रेटरी आमच्याकडे आले तेव्हा मामा खाटेवर बसून होते.

"या पंधरात बंदराचा कर धरलाय का?" मामांनी विचारलं.

"बंदर कसलं, मामा? एक धक्का आहे दगडी."

"धक्का कुणाचा?"

"पंचायतीचा असेल."

"असेल म्हणजे? बोटवाल्याचे पंधरा झाले. ते त्याच्या डिझेलचे आणि बोटीचे. धक्क्याचा मालक वेगळा, त्याचा आकार वेगळा. तिकिटाची किंमत आणि कर ही दोन वेगळी माणसं आहेत, सेक्रेटरी. एकाला जेवायला वाढलं म्हणून दुसऱ्याचं पोट भरत नाही."

सेक्रेटरी हसले आणि म्हणाले, तासाभराच्या फेरीला कोण कर मागणार. मामांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की डॉक्टरही अडाणी रोग्याकडे तसं पाहत नसेल. "तास असो नाहीतर आठवडा," ते म्हणाले, "अंतराचा संबंध नाही. विलायतेला जा नाहीतर शंभर पावलं जाऊन परत या. धक्क्यावर पाय ठेवला की कर."

ठरलेल्या रविवारी आम्ही टेम्पोतून खाडीकाठच्या त्या गावी पोचलो. गावाचं नाव सांगत नाही, तिथले लोक अजून भेटतात. बायकांनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या, पुरुषांनी गॉगल लावले होते. डबे, पातेली, पाण्याचे कॅन आणि भजन होईल म्हणून एक हार्मोनियम. खाडी काठोकाठ भरलेली आणि बोट धक्क्याला लागून डुलत होती. धक्क्याच्या तोंडाशी एका खुर्चीवर पांढऱ्या पायजम्यातला एक गृहस्थ पावतीबुक मांडीवर घेऊन बसला होता. धक्क्याच्या वसुलीचा ठेका त्यानं पंचायतीकडून लिलावात घेतला होता.

"माणशी एक रुपया," तो म्हणाला. "धक्क्याचा."

सेक्रेटरींचा चेहरा पडला. मामांचा उजळला.

धक्क्याच्या रुपयावर थोडी वादावादी झाली आणि ती मिटते तोच ठेकेदारानं पंचायतीचा प्रवासी कर सांगितला. तो माणशी आठ आणे. मग दिवाबत्तीचा आकार निघाला, चार आणे. सेक्रेटरी म्हणाले, "आम्ही दिवसाढवळ्या जातोय आणि दिवसाढवळ्या परत येतोय. दिवा कशाला?"

धक्क्याच्या टोकाला एक खांब होता. खांबावर दिव्याची टोपी होती, टोपीत बल्ब नव्हता आणि एक कावळा होता. सगळ्यांनी वर पाहिलं. ठेकेदारानंही पाहिलं. तेव्हा मामा पुढे झाले.

"दिव्याचा कर उजेडाचा नसतो," ते सेक्रेटरींना म्हणाले. "खांबाचा असतो. खांब आहे की नाही?"

"आहे."

"मग झालं."

ठेकेदारानं मान वर करून मामांकडे पाहिलं. आयुष्यभर शिव्या खात वसुली करणाऱ्या माणसाला त्याची बाजू घेणारं कुणी पहिल्यांदाच भेटलं असावं. त्यानं उठून आपली खुर्ची मामांना दिली. मामा बसले. बसताना त्यांनी धोतराचा सोगा सारखा केला, चष्मा पुसला, आणि आजारी पडल्यापासून न ऐकलेला त्यांचा नाक्यावरचा आवाज आम्हाला ऐकू आला.

"एकामागं एक या. सामान पुढं ठेवा."

तोवर ठेकेदारानं सामानाचं नावही काढलं नव्हतं. सामानावर आकार घेता येतो हेच त्याला ठाऊक नव्हतं की काय कोण जाणे. मामांनी त्याला समजावून सांगितलं. अंगावर आहे ते सामान नाही. हातात आहे ते सामान. दोघांनी मिळून उचललं तर तो माल. अर्ध्या तासात आमच्या पुऱ्यांचं पातेलं माल ठरलं. हार्मोनियमवर जरा खल झाला. वाजवायची आहे की विकायची, असं मामांनी पेटीवाल्या फिटरला विचारलं. तो म्हणाला, वाजवायची. मामा म्हणाले, वाजवून दाखवा. त्यानं बिचाऱ्यानं धक्क्यावर मांडी घालून अर्धा अभंग वाजवला, तेव्हा ती वाद्य म्हणून सोडण्यात आली.

आमचा वेल्डर हळूच मला म्हणाला, "भाईसाब, समंदर तो अपना ही है ना?"

"समुद्र आपलाच," मी म्हणालो. "तिथपर्यंत जायचं म्हणून हे."

इकडे तांडेल बोटीच्या काठावर उभा राहून पाण्याकडे पाहत होता. काळाकभिन्न, शांत माणूस. दोनदा येऊन तो सांगून गेला, "मामा, पाणी उतरायला लागलं हाय. आता निघालो नाय तर गाळात बसू."

"पावत्या पुऱ्या होऊ द्या," मामा म्हणाले. "पावतीशिवाय माणूस बोटीत चढला आणि उद्या कुणी विचारलं तर?"

"कोण विचारणार?"

मामांकडे याचंही उत्तर होतं, पण ते लांब होतं. मुलांना अर्धा आकार की पूर्ण, कडेवरचं मूल प्रवासी की सामान, या प्रश्नांचा निकाल लावून शेवटची पावती फाडेपर्यंत धक्क्याच्या दगडांवर पाण्याची रेघ चांगली हातभर खाली गेली होती. बोट निघाली. बायको पुढे जाऊन बसली होती, वारा अंगावर घेत. सेक्रेटरी भाषणासाठी उभे राहिले. त्यांनी "बंधुभगिनींनो" म्हटलं आणि बोटीखाली काहीतरी मऊ, जड घसरल्यासारखं झालं. सेक्रेटरी खाली बसले. इंजिन फुरफुरलं, मागून काळं पाणी उसळलं आणि बोट एका कुशीवर थोडी कलून उभी राहिली.

"बसली," तांडेल म्हणाला आणि त्यानं इंजिन बंद केलं.

मागे वळून पाहिलं तर धक्का हाकेच्या अंतरावर होता. खांबावरचा कावळासुद्धा स्पष्ट दिसत होता.

आता पाणी आणखी उतरणार आणि ते परत चढेपर्यंत रात्र होणार, हे तांडेलानं शांतपणे सांगितलं. आमची समुद्रसहल तिथेच झाली. कललेल्या बोटीत आम्ही पुऱ्या खाल्ल्या. पातेलं एका बाजूला सरकत होतं म्हणून वेल्डर त्याला पाय लावून बसला. फिटरनं अर्धा राहिलेला अभंग पुरा केला. दोन्ही बाजूंनी पाणी ओसरत गेलं आणि चकचकीत गाळ वर आला. त्यात खेकडे बाहेर येऊन आमच्याकडे पाहत होते. खेकडे बघायचे पंधरा रुपये, आणि वर कर, असं कुणीतरी म्हणालं. मामांशी कुणी बोलत नव्हतं. ते मधल्या फळीवर एकटे बसले होते, पण त्यांना ते कळलं नसावं. तोंडावर समाधान होतं.

दुपारी काठावरच्या कोळणींनी दोन फळ्या आणून टाकल्या. फळ्यांवरून आणि मग गुडघाभर गाळातून, साड्या वर खोचून, एकमेकांना धरत आम्ही धक्क्याशेजारच्या काठाला लागलो. हार्मोनियम फिटरनं डोक्यावर घेतली होती. सेक्रेटरींची एक चप्पल खाडीनं ठेवून घेतली. वर आलो तर ठेकेदार पावतीबुक घेऊन उभा.

"उतरण्याचा आकार," तो म्हणाला. "माणशी एक रुपया."

आता मात्र सेक्रेटरी भडकले. वेल्डरनं बाह्या सरसावल्या. ठेकेदार मामांकडे पाहून म्हणाला, "तुमीच सांगा मामा. गेला तसा आला, तर आल्याचा घ्यायचा की नाय?"

सगळे मामांकडे वळले. मामा गाळानं मांड्यांपर्यंत माखले होते. त्यांनी धोतर पिळलं आणि विचार केला.

"आकार धक्क्याचा आहे," ते म्हणाले. "येताना यांचा पाय धक्क्याला लागला नाही. चिखलाला लागला. चिखलाचा ठेका तुम्ही घेतलाय का?"

"नाय."

"मग उतरण्याचा आकार बसत नाही."

लोकांनी सुस्कारा सोडला. एकदोघांनी मामांच्या पाठीवर थापही मारली. पण मामांचं बोलणं संपलं नव्हतं.

"मात्र बोट बंदराच्या हद्दीत उभी आहे," ते म्हणाले. "उभं राहण्याचा आकार लागतो. तो बोटीवर."

"बोट मी उभी केली नाय," तांडेल मागून म्हणाला. "तुमी केली."

त्यावर सगळे हसले. ठेकेदारही हसला. मामा तेवढे हसले नाहीत. माझी बायको त्यांच्याजवळ गेली. तिनं पदरानं त्यांच्या हातावरचा गाळ पुसला आणि म्हणाली, "आप्पा, मला समुद्र बघायचा होता."

मामा खाली पाहत राहिले. "तुझी पावती सगळ्यात आधी फाडली होती गं मी," एवढंच म्हणाले.

टेम्पोत परतताना ते कोपऱ्यात अंग टाकून बसले होते. मला वाटलं, पुन्हा अंथरूण धरतात. पण पुढच्या रविवारी ठेकेदार पत्ता काढत सालवडला आला. येताना पापलेटं घेऊन आला. मामा माळकरी निघाले तेव्हा ती त्यानं शेजारच्या वेल्डरला दिली. ठेकेदाराचं म्हणणं सरळ होतं. एका सकाळी जेवढी वसुली मामांनी केली तेवढी त्याची आठवड्याची होत नव्हती. मामांनी रोज सकाळी येऊन बसावं. चहा, एसटीचं भाडं आणि वर काहीतरी.

"वर काही नको," मामा म्हणाले. "खुर्चीला हात असले पाहिजेत."

आणि मामा रोज जाऊ लागले. पहाटे अंघोळ, कपाळाला बुक्का, स्वच्छ धोतर. बायको डबा करून द्यायची. महिन्याभरात त्यांची तब्येत इतकी सुधारली की मेहुण्यानं ओळखलं नसतं. त्यांनी धक्क्यावर दरांचा फलक लावून घेतला. त्यावर मासे, बर्फ, जाळी, कोंबड्या आणि "इतर" अशी सदरं होती. "इतर" हे सदर त्यांचं लाडकं होतं. गावातल्या बायका मासळीच्या पाट्या घेऊन धक्का सोडून गाळातून जाऊ लागल्या. मामांना त्याचा राग नव्हता. चुकवणारे असतात म्हणून तर नाका लागतो, असं ते मला जेवताना सांगायचे. त्यांनी पहिल्या महिन्यातच खांबावर बल्बही लावून घेतला. दिव्याचा आकार घ्यायचा तर ठेकेदारानं खर्च केला पाहिजे, यावर ते अडून बसले. ठेकेदारानं कुरकुरत बल्ब आणला. कावळा दुसरीकडे गेला.

लग्नसराई आली आणि सगळं बिघडलं. ठेकेदाराच्या भाच्याचं लग्न होतं. वऱ्हाड पलीकडच्या गावाहून दोन बोटींतून आलं. नवरदेव मुंडावळ्या बांधून धक्क्यावर उतरला, मागे बँड. मामांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. नवरदेवाचा एक रुपया. करवलीचा एक रुपया. मोठा ढोल दोघांनी उचललेला, तेव्हा तो माल. बँडवाल्यांनी वाजवून दाखवायची तयारी दाखवली, पण तोवर मामांनी नियम पक्का केला होता. मुहूर्ताची घाई, नवरदेव घामाघूम, आणि ठेकेदाराची बहीण म्हणजे वरमाई धक्क्यावर उभी राहून भावाच्या नावानं बोटं मोडत होती. मामांनी तिचाही रुपया घेतला. पंचायतीचे दोन सदस्य वऱ्हाडात होते. त्यांनाही सोडलं नाही.

संध्याकाळी घरी आले ते फुलून आले होते. "नातं बघितलं नाही," ते म्हणाले. "मालकाच्या सख्ख्या बहिणीला पावती दिली. नाक्यावर मला हे कधी जमलं नव्हतं. नगराध्यक्षांची गाडी आली की फळी वर करावी लागायची."

मी बायकोकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. पुढं काय होणार ते आम्हा दोघांनाही दिसत होतं.

आठवड्यानं धक्क्यावर मामांचा सत्कार झाला. ज्या माणसाला काढून टाकायचं पण तोंडावर सांगायचं नाही, त्याचा आपल्याकडे सत्कार करतात. शाल, नारळ, सरपंचांच्या हस्ते हार. सेक्रेटरींना खास बोलावलं होतं आणि ते मनसोक्त बोलले. ठेकेदारानं सांगितलं की मामांनी आता आराम करावा, त्यांच्या वयाला हा वारा बरा नाही. कोळणींनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. मामा भाषणाला उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की वर्षअखेरीस दर वाढवून घ्यावेत. टाळ्या थांबल्या.

निघताना तांडेल पुढे आला. त्याच्या बोटीवर उभं राहण्याचा आकार बसवणारा हा माणूस, पण तांडेलाच्या मनात काही नव्हतं. तो म्हणाला, "मामा, उद्या सकाळी भरती चांगली हाय. ताईला घेऊन या. ती फेरी राहिली हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. धक्क्यावरची खुर्ची रिकामी होती. मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग खिशात हात घातला आणि इकडेतिकडे पाहून परत काढला. बोट खाडीतून सरळ बाहेर पडली. मुखापाशी पाण्याचा रंग बदलला, लाटा लांब लांब झाल्या. बायको पुढे उभी राहून मागे वळली. माडांची रेघ, प्रकल्पाची उंच चिमणी, त्यामागे निळसर डोंगर. मग ती मला म्हणाली, "आपण एवढ्याशा जागेत राहतो होय?"

मामा दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसले होते. त्यांनी तांडेलाला विचारलं, "इथं हद्द कुणाची?"

"कुणाची नाय, मामा."

"मग पुढं?"

"पुढं पण नाय."

"कुणी बसत नाही कुठं?"

तांडेल हसला. मामांनी चारी बाजूंना पाहिलं. कुठेही फळी नव्हती, खांब नव्हता, अडवायला जागा नव्हती. हळूहळू त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं गहिवरले. पण ते बोटीच्या काठाशी वाकले आणि सकाळचे पोहे समुद्राला दिले. बायकोनं त्यांचं कपाळ धरलं, तांडेलानं पाणी दिलं. परत येईपर्यंत ते तळाशी आडवे होते, शाल पांघरून, डोळे मिटून.

त्या आठवड्यातच ते गावी परतले. नंतर मेहुणा सांगायचा की पारावर बसून ते लोकांना कोकणातल्या गोष्टी ऐकवतात आणि समुद्र कसा आहे असं कुणी विचारलं की म्हणतात, "चांगला आहे, पण व्यवस्था नाही."